'ऊन', 'कच्चे' आणि भूमीचा गारवा : वर्धा जिल्ह्याच्या निमित्ताने

वर्धा जिल्ह्यातील कोणत्याही खेड्यात जुन्या माणसांपाशी विहिरीच्या पाण्याचा विषय काढला, तर एक गोष्ट हमखास ऐकावयास मिळते. विहिरीचे पाणी हिवाळ्यात कोमट असते व उन्हाळ्यात गार असते, ही ती गोष्ट होय. वस्तुतः पाणी दोन्ही ऋतूंत जवळजवळ सारखेच असते. बदलते ती भोवतालची हवा आणि त्या हवेला सरावलेली आपली त्वचा. दिवसरात्रीच्या तापमानाचा चढउतार जमिनीत हात-दीड हात खोलीवर नाहीसा होतो. ऋतुमानाचा चढउतार त्याहून खोल जातो, परंतु तोही चार-पाच मीटरांवर अगदी क्षीण होतो, आणि त्याखालची भूमी वर्षभर त्या स्थळाच्या वार्षिक सरासरी तापमानाच्या आसपास राहते. नागपूर-वर्धा परिसरात हे सरासरी तापमान सुमारे २७ अंश सेल्सियस आहे. मे महिन्यात येथील दुपार ४५ अंशांच्या घरात जाते. म्हणजे ज्या जमिनीवर माणूस उन्हाने होरपळत असतो, त्याच जमिनीच्या पोटात, एका साध्या विहिरीहूनही कमी खोलीवर, अठरा अंशांचा गारवा साठवलेला असतो.

हा गारवा माणसाच्या उपयोगी आणणे हा आज भूऔष्णिक तंत्राचाच एक भाग मानला जातो. तथापि भूमीतील उष्णतेविषयी भारत सरकारचे धोरण आकार घेऊ लागल्यापासून जवळजवळ साठ वर्षे या गारव्याला त्या धोरणात जागा नव्हती. ती का नव्हती, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. लेखकाचे क्षेत्र भाषाशास्त्र आहे, अभियांत्रिकी नव्हे. असे असता त्याने या प्रश्नात का पडावे, अशी शंका वाचकास येईल. तिचे उत्तर एवढेच की, या इतिहासाची कागदपत्रे भाषेच्या अभ्यासकाच्या नजरेने वाचली असता, अडचण यंत्रांची व पैशांची जेवढी होती तेवढीच, किंबहुना काही अंशी अधिक, शब्दांची होती असे दिसते.

'भूऔष्णिक' हा आपला पारिभाषिक शब्द, आणि हिंदीतील 'भूतापीय' हाही, इंग्रजीतील 'जिओथर्मल' या शब्दावरून घडविलेला आहे. त्यातील उत्तरपद ग्रीक 'थेर्मोस' म्हणजे उष्ण. हा ग्रीक शब्द व संस्कृत 'घर्म' हे एकाच मूळ इंडो-युरोपीय शब्दाचे वंशज होत, आणि 'घर्म'पासून मराठीत आला तो 'घाम'. वर्ध्याच्या माणसाला त्या मुळाचा सर्वांत जवळचा परिचय आहे तो घामाच्याच रूपाने, हा एक योगायोग. संस्कृत 'उष्ण' प्राकृतात 'उण्ह' झाला व मराठीत 'ऊन'. 'उष्णकाल' या समासापासून 'उन्हाळा' झाला. वर्ध्याकडच्या बोलीत, शब्दातील ळकाराचा यकार होत असल्याने, तो 'उन्हाया' म्हणून ऐकू येतो. प्रमाण मराठीत 'ऊन' हा शब्द आता मुख्यतः नाम म्हणून, सूर्यप्रकाश या अर्थाने उरला आहे. परंतु 'ऊन ऊन भात', 'ऊन पाणी' या प्रयोगांत त्याचे जुने विशेषणरूप टिकून आहे. महाराष्ट्रातील अनेक उष्णोदकी झऱ्यांच्या नावांत हेच विशेषण गोठलेले आढळते. रायगड जिल्ह्यातील पालीजवळचे उन्हेरे, रत्नागिरी जिल्ह्यातील उन्हवरे, नांदेड जिल्ह्यातील किनवटच्या बाजूचे उनकेश्वर आणि बहुधा जळगाव जिल्ह्यातील उनपदेवही याच मालिकेत बसतात.

ज्या ठिकाणी भूमी ऊन आहे त्या ठिकाणाला लोकांनी नाव दिले, तेथे देव बसवला, स्नानाचे पुण्य जोडले. ज्या ठिकाणी भूमी केवळ गार आहे त्याला वेगळे नाव देण्याचे कारण नव्हते, कारण तसे ठिकाण सगळीकडेच होते. अपवाद विशेष असतो म्हणून त्याला संज्ञा मिळते. सर्वसामान्य स्थितीला मिळत नाही. नामकरणाचा हा नियम गावकऱ्यांपुरता राहिला असता तर त्यात बिघडण्यासारखे काही नव्हते. परंतु शासनाने आपले सर्वेक्षणही याच नियमाने केले.

त्या सर्वेक्षणाचा पाया एकोणिसाव्या शतकातला आहे. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण विभागाचे थॉमस ओल्डहॅम यांनी जमविलेली, आणि त्यांच्या पश्चात त्यांचे पुत्र आर. डी. ओल्डहॅम यांनी पूर्ण केलेली, भारतातील उष्ण झऱ्यांची यादी १८८२ मध्ये त्या विभागाच्या ग्रंथमालेत प्रसिद्ध झाली. तीत सुमारे तीनशे झऱ्यांची नोंद आहे. स्वातंत्र्यानंतर भारत सरकारने १९६६ मध्ये जी समिती नेमली, तिचे नावच 'उष्ण झरे समिती' असे होते. तिचा अहवाल १९६८ मध्ये आला. त्यानंतर लडाखमधील पुगा येथे व हिमाचल प्रदेशातील पार्वती नदीच्या खोऱ्यात वेधनाची कामे झाली, आणि संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाच्या साहाय्याने कोकणपट्टीतील झऱ्यांचेही समन्वेषण झाले. कोकणात उत्तरेस पालघरच्या बाजूपासून दक्षिणेस राजापूरपर्यंत असे अठरा स्थळांवर सुमारे साठ झरे आहेत. त्यांपैकी सर्वांत तप्त उन्हवऱ्याचा, सुमारे ७१ अंशांचा. विद्युतनिर्मितीच्या दृष्टीने हे तापमान तोकडे होते, आणि धोरणाची नजर प्रायः विजेवर खिळलेली असल्याने कोकणाविषयीचा उत्साह पुढे ओसरला.

वर्धा जिल्हा या नकाशात कोठेच नाही. जिल्ह्याचा बहुतेक भूभाग दख्खनच्या काळ्या पाषाणाचा व त्यावरील काळ्या मातीचा आहे. जवळचे उष्ण झरे म्हणजे उत्तरेस अमरावती जिल्ह्याच्या सीमेवरील साळबर्डीचे व दक्षिणेस पैनगंगेकाठच्या उनकेश्वरचे. 'झरा नाही, म्हणून भूऔष्णिक संपत्ती नाही' असा निष्कर्ष कोणी स्पष्ट शब्दांत काढला नाही. तो यादीच्या शीर्षकातच अंतर्भूत होता.

या काळातील एक प्रयोग मात्र आवर्जून सांगण्यासारखा आहे. पार्वतीच्या खोऱ्यात मणिकर्ण येथे झऱ्याच्या सुमारे ९० अंशांच्या पाण्यावर अमोनियाच्या शोषणक्रियेने चालणारे साडेसात टन क्षमतेचे एक शीतगृह प्रयोगादाखल उभारण्यात आले. भूमीच्या शक्तीने थंडावा निर्माण करण्याचा शासकीय आश्रयाखालील हा प्रयत्न झाला तो हिमालयात, जेथे मे महिन्यातही अंगावर ऊबदार वस्त्र लागते. विदर्भाच्या भाग्यात तो आला नाही. प्रयोगकर्त्यांना याबद्दल दोष देता येत नाही. ऊन पाणी जेथे होते तेथेच ते गेले.

शीत कटिबंधातील देशांची गोष्ट वेगळी आहे. रेक्याविक नगरात झऱ्यांच्या पाण्याने घरे उबदार करण्यास १९३० मध्ये प्रारंभ झाला, आणि आज आइसलँडमधील दहांपैकी नऊ घरे याच रीतीने तापतात. तेथील शासनाच्या साहाय्याचे मर्म अनुदानाच्या रकमेत नव्हते. वेधन निष्फळ ठरल्यास होणारे नुकसान शासनाने आपल्या शिरावर घेतले, यात ते होते. १९७३ च्या तेलसंकटानंतर स्वीडनसारख्या देशांत, जेथे ऊन झरे नाहीत तेथेही, घराच्या अंगणात छिद्र पाडून उष्णता-पंपाने भूमीतील ऊब वर आणण्याचे तंत्र घरोघर पसरले. या पंपाचे कार्य शीतकपाटासारखेच आहे : एका बाजूची उष्णता उचलून दुसऱ्या बाजूस टाकणे. दिशा उलटी केली की तेच यंत्र घरातील उष्णता जमिनीत नेऊन सोडते. म्हणजे ज्याला आपण शीतन म्हणतो ते जमिनीच्या बाजूने पाहता उष्णनच होय. शिवाय चार-पाच मीटरांवरील किंवा शंभर मीटरांवरीलही ही उष्णता बव्हंशी सूर्याकडून मातीत मुरलेली असते. पृथ्वीच्या उदरातून येणारा तिचा अंश अगदी अल्प. या यंत्राला 'भूऔष्णिक' म्हणणे हे दोन्ही अंगांनी लाक्षणिकच आहे. परंतु लक्षणेने का होईना, ते यंत्र त्या शब्दाच्या छत्राखाली आले व अनेक देशांत शासकीय साहाय्यास पात्र झाले.

भारतात हे घडण्यास २०२५ साल उजाडावे लागले. त्या वर्षीच्या सप्टेंबरात केंद्र शासनाच्या नवीन व नवीकरणीय ऊर्जा मंत्रालयाने राष्ट्रीय भूऔष्णिक ऊर्जा धोरण जाहीर केले. झऱ्यांची गणना, जी आता ३८१ वर गेली आहे, आणि १०,६०० मेगावॅट विद्युत्क्षमतेचा अंदाज हे जुने विषय त्यात आहेतच. पण त्यांच्या जोडीला भूमीशी जोडलेले उष्णता-पंप आणि इमारतींचे शीतन यांचाही स्पष्ट निर्देश आहे. व्याख्या रुंदावली, आणि वर्धा जिल्हा प्रथमच तिच्या आत आला. ही घटना वृत्तपत्रांत फारशी गाजली नाही, परंतु धोरणेतिहासाच्या दृष्टीने ती मोलाची आहे.

व्याख्येत आला म्हणजे उपयोगात आला असे मात्र नव्हे. वर्ध्याच्या भूमीचे दोन प्रश्न या ठिकाणी नोंदवले पाहिजेत, कारण शीतप्रदेशातील अनुभव येथे जसाच्या तसा चालणार नाही. स्वीडनमध्ये हिवाळ्यात जमिनीतून काढलेली ऊब उन्हाळ्यात पुष्कळशी भरून येते. वर्ध्यात ऊब काढण्याचे दिवस थोडे व सोडण्याचे महिने पुष्कळ. त्यामुळे वर्षानुवर्षे एकाच जागी उष्णता सोडत गेल्यास नळ्यांभोवतीची भूमी हळूहळू तापेल, आणि गारव्याची ठेव आटेल. छिद्रांतील अंतर वाढविणे, वाहत्या भूजलाचा लाभ घेणे, यंत्राचा भार रात्रीच्या हवेशी वाटून घेणे हे त्यावरील उपाय होत. त्यांचा खर्च हिशेबात धरावा लागेल. दुसरा प्रश्न काळ्या मातीचा. ही माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आक्रसते व तिला भेगा पडतात. कोरड्या मातीतून उष्णता नीट वाहत नाही, आणि भेगांवाटे ऊन हवा खोल शिरते. म्हणजे ऐन मे महिन्यात, जेव्हा गारव्याची गरज सर्वाधिक, तेव्हाच ही माती कामास सर्वांत नालायक असते. नळ्या तिच्याखाली, मुरमात वा पाषाणातच नेल्या पाहिजेत. दिल्लीजवळ ग्वालपहाडी येथे ऊर्जासंशोधन संस्थेने जमिनीखाली चार मीटरांवर हवेचे बोगदे घालून वास्तू गार ठेवण्याचा प्रयोग केला, त्याची ख्याती मोठी आहे. पण ती माती वेगळी आणि ही वेगळी. शिवाय विदर्भातील घरोघरचा कूलर हा या यंत्राचा मोठा प्रतिस्पर्धी आहे. तो स्वस्त आहे, कोरड्या हवेत उत्तम चालतो, आणि त्याची खोट दोनच ठिकाणी दिसते : एक, तो पाणी पितो, तेही पाणीटंचाईच्याच महिन्यांत, आणि दुसरी, पाऊस पडून हवा दमट झाली की तो निरुपयोगी होतो.

येथवर 'ऊन' या एका शब्दाची कथा झाली. परंतु भूमीचा गारवा घेण्याची दुसरी एक रीत आहे, जिला पंपही लागत नाही व वीजही लागत नाही : घरच मातीचे बांधणे आणि त्याची जमीन भूमीशी जोडलेली ठेवणे. या रीतीचा धोरणाशी जो संबंध आला तो ऊर्जेच्या खात्यात नव्हे, तर घरबांधणीच्या खात्यात. आणि या कथेचा रंगमंच वर्धा हाच आहे.

वर्धा जिल्हा नागपूरपासून वेगळा झाला १८६२ मध्ये, आणि पालकवाडी या खेड्याच्या जागी वर्धा शहराची आखणी झाली १८६६ मध्ये. मध्यप्रांताच्या सरकारचे उन्हाळ्याविषयीचे धोरण साधे होते : सरकारने उन्हाळ्यात पचमढीस जावे. खाली राहिलेल्या अधिकाऱ्यांसाठी वाळ्याच्या ताट्या व त्यांवर पाणी शिंपडणारा माणूस असे. रयतेच्या घरांना गारवा देण्याचा विचार त्या धोरणात येण्याचे कारणच नव्हते, आणि रयतेला त्याची वाटही पाहावी लागली नाही. मातीच्या जाड भिंती, शेणाने सारवलेली जमीन, बुटकी वळचण व समोर पडवी यांनी ते काम चालत आले होते.

एप्रिल १९३६ मध्ये गांधीजी वर्ध्याजवळील शेगाव येथे राहावयास आले. पुढे १९४० मध्ये या गावाचे नाव सेवाग्राम झाले. विदर्भातील दुसऱ्या शेगावशी टपालाचा घोटाळा होत असे, हे त्याचे व्यावहारिक कारण. तेथील आदिनिवास व बापूकुटी यांच्या उभारणीत मीराबेन यांचे लक्ष होते, आणि साहित्य व कारागीर आसपासचेच असावेत हा दंडक होता. मातीने लिंपलेल्या कुडाच्या भिंती, कौलारू छप्पर, खाली उतरलेली वळचण व भोवतालचा ओटा असे हे वास्तुरूप सर्वस्वी या परिसरातले आहे. मे महिन्यातील दुपारी पुलगाव रस्त्यावरील पत्र्याच्या टपरीतून निघून कुटीत पाऊल ठेवणाऱ्यास तापमापकाची गरज पडत नाही. १९७८ मध्ये इव्हान इलिच यांनी सेवाग्राम येथे या कुटीवर एक भाषण केले, तेव्हापासून तिची गणना जगातील विचारवंतांच्या चर्चेत होऊ लागली. त्याआधी दोनच वर्षे, १९७६ मध्ये, देवेंद्रकुमार यांनी वर्ध्याजवळ दत्तपूर येथे ग्रामोपयोगी विज्ञान केंद्र स्थापन केले. तेथे मातीच्या बांधकामावर आणि कुंभाराच्या चाकावर घडविलेल्या शंक्वाकृती कौलांच्या कमानदार छपरांवर जे काम झाले, ते या परंपरेला शास्त्रीय शिस्त लावण्याचे काम होते.

आता शासकीय शब्दांकडे वळू. भारताच्या जनगणनेत घरांचे वर्गीकरण भिंती व छप्पर यांच्या साहित्यावरून होते. २०११ च्या जनगणनेत मातीची व कच्च्या विटांची भिंत 'तात्पुरत्या' साहित्यात मोडते. पत्र्याची भिंत मात्र 'कायमस्वरूपी' साहित्यात. त्याच वर्षीच्या सामाजिक-आर्थिक गणनेत कच्च्या भिंती व कच्चे छप्पर असलेली एक खोली ही वंचिततेची पहिली खूण ठरली, आणि २०१६ मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री ग्रामीण आवास योजनेचे लाभार्थी या गणनेच्या आधारे निवडले गेले. सपाट प्रदेशात घरामागे १,२०,००० रुपयांचे साहाय्य ठरले. हे साहाय्य 'पक्क्या' घरासाठी होते.

'कच्चे' हा शब्द मूळचा अपक्व, न शिजलेले या अर्थाचा. न भाजलेल्या विटेला तो अक्षरशः लागू पडतो. तेथून तो घराला लागला, आणि घरावरून कुटुंबाच्या स्थितीला. तीन पायऱ्यांत साहित्याचे वर्णन हे माणसाच्या दैन्याचे प्रमाणपत्र झाले. अशा अर्थविस्तारात भाषाशास्त्रीयदृष्ट्या नवल काही नाही. परंतु या विस्तारात एक गुण वजा झाला. कच्च्या भिंतीचा गारवा हा कोठल्याही रकान्यात नोंदवला जात नाही. 'कायमस्वरूपी' या रकान्यात पत्र्याची उष्णताही नोंदवली जात नाही.

येथे एका अतिशयोक्तीपासून सावध राहिले पाहिजे. मातीच्या घरात राहणाऱ्यांना स्लॅबचे घर हवेसे वाटते ते केवळ सरकारी शब्दाने भुलून नव्हे. कुडाला वाळवी लागते, आषाढात भिंत खचते, विंचूकिरडू शिरते, आणि सारवण-लिंपणाचे वार्षिक श्रम बहुतेक स्त्रियांच्याच वाट्याला येतात. ज्यांनी ते श्रम कधी केले नाहीत अशा नागर लेखकांनी मातीच्या घरांची स्तोत्रे गावीत, हे प्रस्तुत लेखकास रुचत नाही. तसेच भूमीखाली साठवलेले सर्वच गारव्यावर टिकते असेही नव्हे. पेवातील धान्य राहते ते मुख्यतः हवा कोंडल्यामुळे. तक्रार एवढीच आहे की, टिकाऊपणा मोजणाऱ्याने गारवाही मोजावयास हवा होता, म्हणजे निवड करणाऱ्यास दोन्ही बाजू दिसल्या असत्या. चुन्याने वा थोड्या सिमेंटने बळकट केलेल्या मातीच्या विटा, दगडी जोते, रुंद वळचण यांनी वरील दोषांपैकी बरेच निवारता येतात, हे दत्तपूरच्या व इतरत्रच्या कामाने सिद्ध झालेले आहे.

याच वर्ध्यात १९३४ च्या डिसेंबरात अखिल भारत ग्रामोद्योग संघाची स्थापना झाली व मगनवाडी हे त्याचे केंद्र झाले. संघाचे कार्यवाह जे. सी. कुमारप्पा यांनी जबलपूरच्या कारागृहात असताना जो ग्रंथ लिहिला, त्याच्या इंग्रजी नावाचा अर्थ 'कायमपणाचे अर्थशास्त्र' असा होतो. निसर्गाच्या चक्रातून जे पुन्हा पुन्हा भरून येते ते कायम, आणि जे एकदा खणून संपते ते क्षणिक, अशी त्यांची विभागणी होती. जनगणनेचा 'कायमस्वरूपी' व कुमारप्पांचा 'कायम' हे इंग्रजीत एकाच धातूचे शब्द आहेत. पहिल्या अर्थाने मगनवाडीजवळच्या रस्त्यावरील पत्र्याच्या चार भिंती कायम ठरतात, आणि सेवाग्रामची बापूकुटी, जी १९३६ नंतरचे सारे उन्हाळे व सारे पावसाळे काढून आजही उभी आहे, तिच्या भिंती तात्पुरत्या.